किनाऱ्यावरचे फुलझाड खाण्यापूर्वी

गगनबावड्याचा घाट उतरून मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर गेलेल्या कोल्हापूरकराला वाळूत फुललेल्या वनस्पती पाहून यातली एखादी भाजी म्हणून खाता येईल का, असा प्रश्न पडतो. झाड नेमके कोणते आणि त्याचा कोणता भाग खाल्ला जातो, हे दोन्ही पक्के ठाऊक असेल तरच त्याचे उत्तर ‘हो’ असू शकते.

सुरुवात घोळीपासून करावी. आपण कपिलतीर्थ मंडईत घेतो ती पिवळ्या फुलांची, मांसल पानांची घोळ किनाऱ्याच्या वाळूतही उगवते. मात्र तिच्यासारखेच जमिनीलगत पसरणारे दुधी नावाचे रानटी तण (दुधी भोपळा नव्हे) फसवते, म्हणून देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, आणि चिकाचा हात डोळ्यांना लावू नये. घोळीत ऑक्सॅलेट बरेच असल्याने मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळावी. इतरांनी उकळून पाणी टाकून द्यावे.

चीक नाही म्हणजे झाड निर्धोक, असा उलटा अर्थ कोणी काढू नये. धोतऱ्याला चीक नसतो, पण त्याच्या फुलापासून बीपर्यंत सर्व भाग विषारी असतात. कळलावीची लाल-पिवळी फुले कितीही देखणी असली, तरी तिच्या कंदात कोल्चिसिन हे विष असते, आणि रानातला खाण्याचा कंद समजून तो खाल्ल्यास जीव जाऊ शकतो. खाडीकाठच्या सुकाणू नावाच्या झाडाला चाफ्यासारखी पांढरी फुले आणि कैरीसारखी हिरवी फळे येतात. त्याच्या बियांतील विष हृदयाचे ठोके बिघडवते. कण्हेर आणि बिट्टी त्याच कुळातल्या. कण्हेरीचे विष उकळून किंवा वाळवून जात नाही, त्यामुळे ‘शिजवले की सगळे मरते’ ही स्वयंपाकघरातली समजूत येथे घातक ठरते. शेळी खाते म्हणून आपणही खावे, हा युक्तिवादही तितकाच फसवा आहे.

आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची, जांभळ्या फुलांची मर्यादवेल किनाऱ्याची वाळू धरून ठेवते. तिला तिथेच राहू द्यावे.

ओळख पटवताना फूल, पान, देठ आणि फळ या सर्वांची छायाचित्रे घ्यावीत व शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागासारख्या ठिकाणच्या जाणकाराला दाखवावीत. मोबाइलवरील ॲपचे उत्तर केवळ अंदाज मानावे. गावात विचारायचे तर ‘खातात म्हणे’ असे सांगणाऱ्याला नव्हे, ती भाजी दरवर्षी स्वतः रांधणाऱ्या बाईंना विचारावे. सांडपाण्याच्या ओहोळाजवळची भाजी, ओळखीची असली तरी, खुडू नये.

खात्रीची वनस्पतीही प्रथम थोडीच, शिजवून, एका वेळी एकच खावी, आणि मुलांना व गरोदर स्त्रियांना देऊ नये. न शिजवलेली एक फांदी बाजूला ठेवावी. उलट्या, चक्कर किंवा नाडी मंद झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ वर फोन करावा, मुद्दाम उलटी करवू नये आणि ती फांदी रुग्णासोबत दवाखान्यात न्यावी.