स्वयंचलित कॅमेऱ्याने प्लवक मोजताना या चुका टाळा

पाण्याखालच्या स्वयंचलित कॅमेऱ्यांतून प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची, लाखो छायाचित्रे मिळतात आणि आकडे विचित्र दिसू लागले की संशय आधी छायाचित्रांतील जीव ओळखणाऱ्या वर्गीकरणाच्या संगणकीय प्रणालीवर येतो. पुष्कळदा खोट त्याच्याही आधी, म्हणजे कोणते पाणी आणि किती पाणी पाहिले गेले या हिशेबात असते.

वुड्स होल सागरविज्ञान संस्थेत विकसित झालेला ‘इमेजिंग फ्लोसायटोबॉट’ हा असाच स्वयंचलित कॅमेरा साधारण 20 मिनिटांत 5 मिलिलिटर पाणी तपासतो, परंतु एक छायाचित्र टिपून साठवले जाईपर्यंतच्या क्षणात येणारे कण त्याच्याकडून निसटतात. बहराच्या, म्हणजे प्लवकांची संख्या झपाट्याने वाढण्याच्या, काळात हे क्षण साचत जातात. समजा, 20 पैकी 8 मिनिटे अशी गेली, तर प्रत्यक्षात 3 मिलिलिटरच पाणी पाहिले गेले. मिळालेल्या 600 पेशींना सवयीने 5 ने भागले तर मिलिलिटरमागे 120 येतात, खरे उत्तर मात्र 200 असते. जेव्हा अचूकतेची सर्वाधिक गरज असते, नेमका तेव्हाच आकडा सर्वाधिक खाली घसरतो. म्हणून भागाकारासाठी प्रत्यक्ष निरीक्षणाचा काळ वापरावा. तो उपकरणाच्या नोंदींत असतो.

शून्याचा अर्थ लावतानाही घाई होते. 5 मिलिलिटरमध्ये एखादी जाती दिसली नाही, तरी लिटरमागे सुमारे 600 पेशींपर्यंतची शक्यता 95 टक्के विश्वासपातळीवर नाकारता येत नाही. डायनोफायसिससारख्या विषारी सूक्ष्म शैवालाच्या बाबतीत लिटरमागे काही शे पेशीही चिंतेच्या ठरू शकतात. त्यामुळे लागोपाठचे नमुने एकत्र करूनच निष्कर्ष काढावा. अशा सततच्या नमुन्यांची ताकद 2008 मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर दिसली: याच उपकरणाने डायनोफायसिसचा बहर वेळीच टिपला आणि ते विष साचलेली कालवे (खाण्याचे शिंपले) खाऊन कोणी आजारी पडण्यापूर्वी त्यांची काढणी थांबवता आली.

छायाचित्र केव्हा टिपायचे हे क्लोरोफिलच्या प्रतिदीप्तीवर (प्रकाश पडल्यावर त्यातून निघणाऱ्या उजेडावर) ठरवले असेल, तर क्लोरोफिल नसलेले प्लवक जवळपास गाळले जातात. ‘येथे ते नाहीत’ असे त्यावरून लिहिणे चूक आहे. मोहिमेच्या मध्येच प्रतिदीप्ती टिपण्याची संवेदनशीलता बदलली, तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची थेट तुलना होत नाही, म्हणून बदलाची तारीख नोंदवावीच. डायटम या एकपेशीय शैवालाची साखळी एक छायाचित्र असली तरी अनेक पेशींची असते, हेही मोजताना विसरू नये.

कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर जीव चिकटल्याचे ओळखणे सोपे आहे. एकाच आकाराचा डाग अनेक चौकटींत त्याच जागी दिसत राहिला, तर तो प्लवक नव्हे. बुडबुडे गडद कडेची नितळ वर्तुळे दिसतात. त्यांच्यासाठी वेगळा वर्ग ठेवावा, नाहीतर प्रणाली त्यांना गोल पेशींमध्ये ढकलते.

प्रणालीची चाचणी घेताना छायाचित्रे सरसकट मिसळून शिकवण्यासाठी आणि चाचणीसाठी असे दोन गट पाडण्याची सवय सर्वांत फसवी आहे. एकाच नमुन्यातील जवळजवळ सारखी छायाचित्रे दोन्हीकडे जातात, अचूकता फुगते आणि पुढच्या ऋतूत ती कोसळते. विभागणी नमुन्यानुसार किंवा तारखेनुसार करावी आणि प्रत्येक नव्या काळातील काही छायाचित्रे यादृच्छिकपणे निवडून तज्ज्ञाकडून तपासून घ्यावीत. दुर्मीळ जातीबाबत एकूण अचूकतेला माझ्या मते फारशी किंमत नाही: हजार छायाचित्रांत त्या जातीची 5 असतील आणि उरलेल्या 995 पैकी अवघी 1 टक्का त्या वर्गात चुकून गेली, तरी तिथे सुमारे 10 खोट्या नोंदी जमतात, म्हणजे खऱ्यांच्या दुप्पट.

दोरावरून खोल सोडल्या जाणाऱ्या ‘अंडरवॉटर व्हिजन प्रोफायलर’चा कॅमेरा खाली पाहतो. उपकरण वर ओढताना त्याच्या मागे ढवळलेले पाणी चौकटीत येते, म्हणून खोलीनुसारच्या आलेखासाठी फक्त उतरतानाची छायाचित्रे घ्यावीत आणि खोलीमापकाचे व कॅमेऱ्याचे घड्याळ उपकरण पाण्यात सोडण्यापूर्वीच जुळवून घ्यावे.