एसटीत नवे चालक आहात? बदलत्या ड्युटीत झोप अशी सांभाळा

एसटीत चालक म्हणून रुजू झाल्यावर सुरुवातीला ठरावीक ड्युटी सहसा मिळत नाही. कोणी रजेवर गेलं, कोणी आजारी पडलं की त्या गाडीवर नव्याला पाठवतात. त्यामुळे आज पहाटेची गाडी, उद्या मुक्कामी, परवा रातराणी असं चक्र सुरू होतं. गाडी चालवायला तुम्ही शिकूनच आलेले असता. झोप सांभाळायला मात्र कोणी शिकवत नाही आणि मागे बसलेल्या चाळीस-पन्नास माणसांचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. ब्रेक तपासल्याशिवाय गाडी आगाराबाहेर काढत नाही ना, तेवढंच महत्त्व झोपेला द्या.

१. ड्युटी कळली की उलटा हिशोब करा

गाडी पहाटे ५ची असेल तर साडेचारला आगारात हजर राहून गाडी ताब्यात घ्यायची, टायर-दिवे बघायचे. घर अर्ध्या तासावर असेल तर चारला निघायचं, म्हणजे सव्वातीनला उठायचं. सात तास झोप हवी तर रात्री सव्वाआठला पाठ टेकली पाहिजे. जेवण साडेसहाला. ही वेळ घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे पाहुणे आणि फोन घरचेच परतवतील.

मोटार परिवहन कामगार कायद्यानं १९६१ मध्येच काही मापं घालून दिली होती: सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या ड्युट्यांमध्ये निदान नऊ तासांचं अंतर. आता नव्या कामगार संहिता आल्या आहेत, तेव्हा आजचा नेमका नियम संघटनेच्या माणसाकडून समजून घ्या. पण नऊ तासही पुरेसे आहेत असं समजू नका. येणं-जाणं, अंघोळ, जेवण वजा केलं की झोपेला जेमतेम सहा तास उरतात. अंतर वारंवार कमी पडत असेल तर सुटल्याची आणि पुन्हा हजर झाल्याची वेळ डायरीत टिपत चला. कंट्रोलरशी किंवा आगार व्यवस्थापकांशी बोलताना तारीखवार नोंद दाखवता आली की बोलण्याला वजन येतं.

२. रातराणीची तयारी दुपारीच करा

दुपारी साधारण दोन ते चार या वेळात शरीर आपणहून सुस्तावतं, तेव्हाच दीड-दोन तास झोप काढा. खरी कसोटी पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान लागते. कितीही वर्षांचा अनुभव असो, या वेळात शरीराचं घड्याळ झोपच मागतं. ताशी ६० किलोमीटर वेगात चार सेकंदांची डुलकी लागली तर गाडी ६५ मीटरहून जास्त अंतर चालकाविना जाते. खिडकी उघडणं, गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं यानं फार तर काही मिनिटं निभावतं. तंबाखूच्या भरवशावर तर मुळीच राहू नका.

उपयोग होतो तो छोट्या झोपेचा. थांब्यावर आधी चहा प्या आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटा. चहाचा असर व्हायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर गाडीभोवती चक्कर मारा, जरा पाय मोकळे करा आणि मगच स्टिअरिंगवर बसा. ड्युटी संपायच्या चार-पाच तास आधीपासून मात्र चहा बंद, नाहीतर घरी गेल्यावर डोळा लागत नाही.

सकाळी सुटल्यावर मोटारसायकलवरून घर गाठणं हाही धोकाच आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. डोळे जड असतील तर विश्रांती कक्षात थोडं पडून मग निघा किंवा बसनंच जा. घरी खिडकीला जाड चादर लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सकाळी नऊच्या सुमाराला कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा टीव्ही, दारावरचा भाजीवाला हे सगळं एकदमच सुरू होतं. कानात कापसाचे बोळे घातलेले बरे.

३. मुक्कामी गाडीची पिशवी कायम भरलेली ठेवा

शेवटची फेरी संपते, गाव निजतं आणि चालक-वाहकाला बहुतेक वेळा गाडीतच झोपावं लागतं. मागच्या लांब सीटवर पाय जेमतेम पसरतात आणि डास तर असतातच. पिशवीत मच्छरदाणी, डास पळवायचं मलम, चादर, बॅटरी, पाण्याची मोठी बाटली आणि जादा गंजी असू द्या. पहाटे कोण आधी उठणार हे वाहकाशी ठरवा, पण गजर दोघांनीही लावा. दोनच दिवसांत तुमची जोडी बदलू शकते, म्हणून हे दर वेळी नव्यानं बोलून घ्या.

४. डबा घरचाच न्या

भाकरी, सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, केळं. रात्री भरपेट तेलकट खाल्लं की झोप हमखास येते. लघवीला थांबावं लागेल म्हणून पाणी टाळू नका.

५. हंगामाआधी झोपेची बाकी फेडा

आषाढी वारी, गणपतीत कोकणात जाणाऱ्या जादा गाड्या, दिवाळी या दिवसांत सुट्टी मिळेलच असं नाही. आधीच्या आठवड्यात रोज तासभर जास्त झोपा. ओळखीचा नसलेला घाट रात्री लागणार असेल तर तिथे नेहमी जाणाऱ्याला वळणं विचारून घ्या.

६. जमत नसेल तेव्हा स्पष्ट सांगा

‘साहेब, रात्रभर झोप झालेली नाही, गाडी काढणं धोक्याचं आहे’ हे वाक्य नव्या माणसाला जड जातं, नोकरीची धास्ती असते. तरी ते गाडी निघायच्या आधीच बोला, आणि शक्यतो लेखी द्या. वाटेत डोळे मिटू लागले तर सुरक्षित जागी गाडी उभी करून वाहकाला सांगा. प्रवासी थोडे कुरकुरतील, कुरकुरू द्या.

सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. डॉक्टरांना चालक असल्याचं आधी सांगा. पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंग येत असेल, झोपेत मोठ्यानं घोरताना मध्येच श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील, तर लवकर तपासणी करून घ्या. त्यावर उपचार आहेत.