वर्षानुवर्षं टिकणारा कामाचा बूट कसा निवडावा

कपाटात नवाकोरा ठेवलेला बूट पहिल्याच दिवशी पायात फुटू शकतो, हे मला स्वतःचे पैसे घालून कळलं. स्वस्तात मिळाले म्हणून मी सेफ्टी बुटांचे दोन जोड एकदम घेतले होते. एक वापरायला काढला, दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून कपाटावर ठेवला. चार वर्षांनी तो खाली काढला तेव्हा चामडं चकचकीत होतं, शिवण जशीच्या तशी. सकाळी घालून कामावर गेलो, आणि दुपारच्या जेवणापर्यंत मशीनपासून कँटीनपर्यंत काळ्या तुकड्यांची रांग लागली. टाच अंगठ्यानं दाबून बघितली, तर वाळकी शेणी मोडावी तसा तिचा भुगा हातात आला.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्सचं काम करतो. फाउंड्रीची वाळू, मशीन शॉपमधलं तेल, पावसाळ्यात आवारात साचलेलं पाणी, हे सगळं एकाच जोडानं तुडवावं लागतं. त्या दिवसापासून दुकानात गेलो की बूट हातात घेऊन आधी उलटा करतो. बहुतेक लोक वरचं चामडं बघून बूट घेतात. पण बुटाचं आयुष्य तीन गोष्टी ठरवतात: सोल कशाचा आहे, तो वरच्या भागाला कसा जोडलाय आणि बूट रोज वाळतो की नाही.

१. कामाचा विचार घरीच करून निघा

पायावर काय पडू शकतं, पायाखाली काय येऊ शकतं आणि दिवसभर पाय कशात असतो, या तीन प्रश्नांची उत्तरं दुकानात जाण्याआधी तयार हवीत. बांधकामावर खिळे आणि सिमेंट. मशीन शॉपमध्ये तेल, कूलंट (मशीन थंड ठेवणारं पाणी) आणि गरम चिप्स, म्हणजे धातू कापताना उडणारे तुकडे. गोठ्यात किंवा उसाच्या पाटात दिवसभर उभं राहायचं असेल तर चामडं घेऊच नका, गमबूटच बरा. रोज आठ तास भिजणारं चामडं कितीही भारी असलं तरी कुजणारच.

फाउंड्रीत वितळलेल्या धातूचा रस ओतणाऱ्यांनी नाडीचा बूट टाळावा. नाडी आणि जीभ यांच्या खाचेत रसाचा थेंब अडकला तर बूट काढेपर्यंत पाय भाजलेला असतो. तिथं वरून सपाट, एका झटक्यात निघणारा उंच बूट लागतो, आणि पँट बुटाच्या आत न खोचता बाहेरून सोडायची. विजेचं काम करणाऱ्यांनी दुकानदाराच्या ‘अँटिस्टॅटिक’ या शब्दावर भुलू नये. अँटिस्टॅटिक बूट अंगावर साठलेला स्थिर भार हळूहळू जमिनीत सोडतो, शॉकपासून वाचवत नाही. विजेसाठी इन्सुलेशनची चाचणी झालेला वेगळा बूट मिळतो, तोच मागा.

२. शिक्का वाचा

आपल्याकडे कामाच्या बुटांसाठी आयएस १५२९८ हे मानक आहे. त्याचा भाग २ म्हणजे सेफ्टी बूट. त्याच्या पुढच्या, बोटांवरच्या कडक टोपीनं २०० जूलचा आघात सोसायला हवा, म्हणजे साधारण २० किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडलं तरी बोटं वाचली पाहिजेत. शिवाय १५ किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे दीड टनाचा, दाबही तिनं घेतला पाहिजे. भाग ३ च्या बुटात टोपी असते, पण ती निम्म्या आघाताची, १०० जूलची. भाग ४ च्या बुटात टोपीची अटच नाही. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून भाग कोणता ते जिभेवरच्या लेबलवर वाचा.

त्याच लेबलवर ‘एस१’, ‘एस१पी’, ‘एस३’ अशी अक्षरं असतात. ‘एस१पी’मध्ये सोलच्या आत खिळा अडवणारा थर असतो, तो ११०० न्यूटनपर्यंत, म्हणजे खिळ्याच्या टोकावर सुमारे ११२ किलोचा भार आला तरी, टिकावा लागतो. ‘एस३’मध्ये त्याच्या जोडीला पाणी अडवणारा वरचा भाग आणि खाचांचा सोल येतो. बांधकामावर जाणाऱ्यानं ‘एस३’च घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. आयएसआय चिन्हाखाली ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना खरा आहे का, कोणाचा आहे, हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. मी दरवेळी बघतो, दुकानदाराला राग आला तरी.

३. आता बूट उलटा करा

माझा जोड का फुटला ते सांगतो. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक सेफ्टी बुटांचा सोल पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असतो. तो हलका, मऊ, तेलाला बऱ्यापैकी दाद न देणारा. पण हवेतला ओलावा त्याच्या आत शिरून हळूहळू त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहतो. बूट पायात असो वा कपाटात, हे थांबत नाही. उष्ण आणि दमट हवेत ते लवकर घडतं, म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्यांनी जास्तच जपावं. पीयूचा जोड साठवून ठेवण्यात काही अर्थ नाही. लागेल तेव्हाच घ्या आणि बनवल्याची तारीख बघून घ्या. ती लेबलवर असते. पुष्कळदा सोलवरही घड्याळासारखं गोल चिन्ह उठवलेलं असतं, मध्ये वर्ष आणि महिन्याकडे बोट दाखवणारा बाण. दोन वर्षं गोदामात पडलेला पीयूचा बूट निम्म्या किमतीत मिळाला तरी मी घेणार नाही.

नायट्राइल रबराचा सोल जड आणि महाग, पण या रोगापासून लांब. गरम जागी काम असेल तर लेबलवर ‘एचआरओ’ शोधा. असा सोल ३०० अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर मिनिटभर टेकला तरी वितळत नाही. काही बुटांत खाली रबर आणि मध्ये मऊ पीयू असतो. चालायला ते फार सुखाचे, पण मधला थर पीयूचाच असल्यामुळे वयाचा नियम त्यांनाही लागू.

आता जोडणी. साच्यात वरचा भाग धरून खाली पीयू ओततात, ती पहिली पद्धत. तो सांधा चांगला पक्का असतो, पण सोल गेला की बूट गेला. त्याखाली नवा सोल चिकटवलेला मी तरी टिकलेला पाहिला नाही. दुसरी पेस्टिंगची, नुसत्या गोंदावर. कामाच्या बुटाला ही नको. बोटं वाकतात त्या जागी कडेला नख घालून बघा, फट दिसली तर बूट खाली ठेवा.

तिसरी गुडइयर वेल्ट. रबर पक्कं करण्याची कृती शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयरच्या मुलाच्या नावानं ती ओळखली जाते. टायरच्या कंपनीशी तिचा संबंध नाही. यात बुटाच्या कडेनं चामड्याची एक पट्टी फिरवतात. वरचं चामडं आणि आतला सोल एका शिवणीनं त्या पट्टीला जोडतात आणि बाहेरचा सोल दुसऱ्या, वेगळ्या शिवणीनं. सोल झिजला की खालची शिवण उसवायची आणि नवा सोल शिवायचा. वरच्या चामड्याला हातही लागत नाही. एका बुटाला दोन-तीन सोल सहज लागू शकतात, आणि वर्षानुवर्षं टिकणं म्हणतात ते इथं.

किंमत साध्या बुटाच्या कितीतरी पट असते, म्हणून फसवणूकही इथंच होते. काही बुटांच्या कडेला दोऱ्याची नक्षी नुसती रबरात उठवलेली असते. पट्टीवरच्या टाक्यात नखाचं टोक घाला. खरा दोरा वेगळा जाणवतो, खाली जाताना दिसतो, आणि पुष्कळ बुटांत सोलच्या तळाशी खाचेत पुन्हा सापडतो. टाके एकसारखे प्लॅस्टिकसारखे लागले, तर ती शोभा आहे.

माझा हिशोब असा आहे. कंपनी बूट देत असेल (आणि कारखान्यात संरक्षक साधनं देणं मालकाचंच काम आहे) तर पीयूचा प्रमाणित बूट घ्या, झिजला की हक्कानं नवा मागा. स्वतःच्या खिशातून घेताय, वर्कशॉप तुमचं आहे, साइटवर फिरता, तर एकदा पैसे जमवून वेल्टचा घ्या.

४. चामडं आणि शिवण

कातडीचा सगळ्यात वरचा थर सर्वांत घट्ट आणि चिवट असतो. तो जसाच्या तसा ठेवलेलं चामडं सर्वांत टिकाऊ. त्यावर डासाच्या चाव्याचे, ओरखड्याचे बारीक डाग दिसतात. ते दोष समजू नका. आपल्याकडच्या सेफ्टी बुटांत म्हशीचं चामडं फार वापरतात. वरून किंचित घासून त्यावर दाणेदार छाप उठवलेला असतो. हे कामाला चांगलं असतं. टाळायचं ते आतल्या थराचं चामडं, ज्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवलेला असतो. वर्षभरात बोटांच्या घडीवर तो पापुद्रा उलतो आणि खालचा तंतू पाणी पिऊ लागतो.

ओळखायचं कसं? बुटाच्या तोंडापाशी किंवा जिभेच्या टोकाला चामड्याची कापलेली कड सापडते. ती उजेडात धरा. तंतू एकसंध दिसले तर ठीक. वर सरळ रेघेसारखा वेगळा थर दिसला तर तो पापुद्रा. मग अंगठ्यानं चामडं दाबा. चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पसरतात आणि अंगठा काढल्यावर विरतात. वासावर विश्वास ठेवू नका. जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास पुरे. त्याहून जाड बूट वळायला महिना घेतो.

तुकडे जितके कमी, तितके सांधे कमी. पुढचा भाग अखंड असावा, बाजूला निदान दोन ओळींची शिवण असावी. जीभ दोन्ही बाजूंनी वरच्या भागाला शिवलेली असेल तर वाळू आणि चिप्स आत शिरत नाहीत. वेल्डिंग करणाऱ्यांनी दोरा विचारून घ्यावा, कारण नायलॉनचा दोरा ठिणगीनं वितळतो आणि चामडं शाबूत असताना बूट उसवतो.

५. माप

संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजलेला असतो, आणि बूट त्याच पायाला घालायचाय. कामाला घालता तेच जाड मोजे बरोबर न्या. दोन्ही पाय घालून बघा, मोठ्या पायाचं माप धरा.

नाडी बांधून उभं राहा आणि बोटं हलवा. लोखंडी टोपी कधीच सैल होत नाही. दुकानात करंगळीला लागली, तर पाच वर्षं लागत राहील. ‘वापरून वापरून बसेल’ हे चामड्यापुरतं खरं, टोपीबद्दल खोटं. मग दुकानाच्या पायऱ्या उतरा. उतरताना बोटं पुढं आदळली तर बूट लहान किंवा नाडीची पकड ढिली. चढताना टाच किंचित उचलली तर चालेल, सपसप वाजली तर नको. शेवटी बूट हातात घेऊन वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकायला हवा. मधोमध दुमडला तर आत आधाराची पट्टी नाही, शिडीवर उभं राहिल्यावर तळवा दुखेल.

नवा बूट पहिला आठवडा घरी तास-दोन तास घाला, मग पूर्ण पाळीला.

६. घरी आणल्यावर

पायाचा घाम एका रात्रीत पूर्ण वाळत नाही. जमलं तर दोन जोड आलटून पालटून वापरा. ते जमत नसेल तर रोज आतला सुटा सोल काढून ठेवा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. भिजलेला बूट उन्हात, चुलीपाशी किंवा भट्टीजवळ ठेवू नका. वरून वाळतो, आतून तडकतो. सावलीत, वारा लागेल असा आडवा ठेवा आणि बोळे दोन-तीनदा बदला.

सिमेंट लागलं असेल तर त्याच दिवशी ओल्या फडक्यानं काढा. कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं आणि ओलं सिमेंट जबरदस्त अल्कधर्मी. रात्रभर राहिलं तर चामड्यातलं तेल आणि लवचिकता दोन्ही खातं. पावसाळ्यात पांढरी बुरशी आली तर व्हिनेगर पाण्यात मिसळून पुसा, वाळवा, मग क्रीम लावा.

वहाणांना तेल पाजायची आपल्याकडची जुनी रीत बुटालाही चालते, पण हात आखडता ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी एरंडेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन घडीच्या जागी चोळा. जास्त तेलानं चामडं लोळागोळा होतं आणि टाके सैल पडतात.

टोपीवर एकदा जोराचा मार बसला, ती चेपली, की तो बूट बाद करा. वरून पॉलिश करून वापरू नका. दुसरा मार ती घेईलच असं नाही.

वेल्टच्या बुटाचा सोल झिजून पट्टीपर्यंत पोचायच्या आत दुरुस्तीला द्या. पट्टीच घासली तर नवा सोल शिवायला जागा उरत नाही. आमच्या भागातले बूट शिवणारे मामा आरी आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं पट्टीच्या जुन्याच भोकांतून टाका घालतात, नवी भोकं पाडत नाहीत. नवी भोकं पडत गेली की पट्टी टपालाच्या तिकिटासारखी फाटते. तुम्ही देताना एवढं सांगा. आणि सोल बदलल्यावर तो बूट मानकाचा उरला असं समजू नका: घसरण, तेल, खिळा यांची चाचणी जुन्या सोलसकट झालेली होती. माझा सोल बदललेला जोड मी फिरतीला आणि वर्कशॉपच्या हलक्या कामाला घालतो, फाउंड्रीत जाताना शिक्क्याचा बूट पायात असतो.