जावास्क्रिप्टच्या फंक्शनला आर्ग्युमेंट कमी-जास्त झाली तर?

पायथनवरून जावास्क्रिप्टवर आलात ना, की पहिला झटका इथेच बसतो. फंक्शनला दोन आर्ग्युमेंट (म्हणजे कॉल करताना द्यायच्या व्हॅल्यू) लागतात, तुम्ही एकच दिलं, आणि एरर येतच नाही!

समजा बिल(रक्कम, डिलिव्हरी) असं फंक्शन आहे, दोन्हीची बेरीज करून देतं. (नावं देवनागरीत चालतात बरं का, आकडे मात्र इंग्रजीच लागतात.) आता बिल(५००) कॉल केलं तर डिलिव्हरीत अनडिफाइन्ड (म्हणजे व्हॅल्यू दिलीच नाही) येतं, ५०० मध्ये अनडिफाइन्ड मिळवलं की एनएएन (NaN, म्हणजे 'हा नंबर नाही'), आणि कस्टमरला स्क्रीनवर तेच दिसतं. उलट बिल(५००, ४०, ९९) केलं तर ५४० येतात, ९९ कडे कोणी बघतही नाही.

कमी पडणाऱ्यावर उपाय सोपा, पॅरामीटर (फंक्शनच्या कंसातली नावं) लिहितानाच डिलिव्हरी = ४० असं लिहून टाका, यालाच डिफॉल्ट म्हणतात. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या ईएस६ या आवृत्तीपासून हे चालतं. त्याआधी लोक फंक्शनच्या आत दोन उभ्या दांड्या टाकून डिलिव्हरी || ४० असं लिहायचे, जुन्या कोडमध्ये अजून सापडतं, आणि मी स्वतः त्यात पोळलोय, कारण फ्री डिलिव्हरी म्हणून ० पाठवला तरी दांड्या त्याला "काहीच नाही" समजतात आणि ४० लावून मोकळ्या होतात.

पण डिफॉल्टचीही एक गोम आहे, तो फक्त अनडिफाइन्डलाच लागतो, नलला (मुद्दाम रिकामी ठेवलेली व्हॅल्यू) नाही. आणि जेसनमध्ये (सर्व्हरशी डेटाची देवाणघेवाण करायचा फॉरमॅट) अनडिफाइन्ड नसतंच, त्यामुळे बॅकएंडवरून रिकामी व्हॅल्यू बऱ्याचदा नल म्हणूनच येते. मग ५०० अधिक नल म्हणजे चक्क ५००, एरर नाही, एनएएन नाही, डिलिव्हरी गुपचूप फुकट! अशा ठिकाणी आत डिलिव्हरी ?? ४० लिहा, दोन प्रश्नचिन्हं नल आणि अनडिफाइन्ड दोन्ही पकडतात आणि शून्याला हात लावत नाहीत.

जास्तीची आर्ग्युमेंट हवी असतील तर शेवटच्या पॅरामीटरआधी तीन टिंबं, म्हणजे ...बाकी, उरलेलं सगळं सरळ ॲरेत (पायथनच्या लिस्टसारखी यादी) मिळतं. सगळी आर्ग्युमेंट देणारा जुना आर्ग्युमेंट्स ऑब्जेक्ट नको, तो खरा ॲरे नसतो आणि ॲरो फंक्शनला (=> ने लिहिलेलं फंक्शन) स्वतःचा नसतोच.

जास्तीचं नेहमी दुर्लक्षित होतं असंही नाही हं. '१', '२', '३' च्या ॲरेवर मॅप (प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणारं) लावून त्यात नुसतं पार्सइंट (अक्षरांतला आकडा नंबर करणारं फंक्शन) दिलं की उत्तर येतं १, एनएएन, एनएएन. कारण मॅप सोबत इंडेक्सही (घटकाचा ०, १, २ असा क्रमांक) पाठवतो आणि पार्सइंट त्याला नंबरचा बेस समजतो. तिथे पार्सइंटऐवजी नंबर (Number) हे फंक्शन द्या, ते पहिलंच आर्ग्युमेंट बघतो.