रोबोटिक कोलोरेक्टल सर्जरी शिकताय? या चुका टाळा

पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांत रोबो आला, तसा शिकायला येणाऱ्या सर्जनचा पहिला प्रश्न ठरूनच गेला: "सर, कन्सोल कधी मिळणार?" कन्सोल म्हणजे पेशंटपासून थोडं दूर बसून रोबोचे हात चालवायची जागा. माझं उत्तरही ठरलेलं. आधी पेशंटशेजारी उभे राहा.

बेडसाइडचं काम ज्युनिअरचं, ही समजूत महागात पडते. रोबोचे हात एकमेकांवर का आदळतात, हे कन्सोलवर बसून कळत नाही. दा विंची एक्सआय या रोबोवर दोन पोर्टमध्ये (इन्स्ट्रुमेंट आत घालायच्या छिद्रांमध्ये) साधारण 8 सेंटिमीटर अंतर ठेवा, आणि ते पोटात गॅस भरल्यावर मोजा. मऊ पोटावर आधीच केलेल्या खुणा नंतर भलतीकडे जातात. कॅन्युलावरची (पोर्टमध्ये बसवलेल्या नळीवरची) जाड काळी पट्टी पोटाच्या भिंतीतच हवी; ती सरकली की हाताचा फिरण्याचा बिंदू सरकतो आणि पोर्टची जागा ओढली जाते.

खरी गोम ट्रॅक्शनमध्ये, म्हणजे टिश्यू ताणून धरण्यात आहे. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांत हाताला काहीच जाणवत नाही. लॅप्रोस्कोपीत मुरलेल्यांना हे जास्त जड जातं, कारण त्यांचा भरवसा बोटांवर असतो. टिश्यू पांढरी पडतेय का, किती ताणली जातेय, हे डोळ्यांनीच वाचायचं. आतडं चिमटीत धरण्याऐवजी शेजारची मेसेंटरी (आतड्याला धरून ठेवणारा, रक्तवाहिन्यांचा पडदा) धरा, नाहीतर नुसतं खालून उचला. सुरुवातीच्या एका केसमध्ये मी कॅमेऱ्याबाहेरचा ग्रास्पर (पकडायचा चिमटा) न बघता हलवला आणि सिग्मॉइडची (मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणदार भागाची) सेरोसा, म्हणजे बाहेरचं पातळ आवरण, फाटली. टाके घालून निभावलं. आता इन्स्ट्रुमेंट दिसेनासं झालं की आधी कॅमेरा मागे घेतो, मगच हात हलवतो. हात कन्सोलच्या कडेला टेकले तर ओढाताण नको, क्लच (रोबो न हलवता आपले हात मोकळे करणारं बटण किंवा पेडल) दाबून मध्ये आणा.

सिम्युलेटरवर चांगले गुण पडले, ठीक. रक्तस्रावाची सवय त्याने होत नाही.

केस निवडताना हौस आवरा. रेडिएशन झालेला, स्थूल, अरुंद पेल्व्हिसचा पुरुष आणि खालच्या रेक्टमचा (गुदाशयाचा) कॅन्सर ही पहिली केस नव्हे. सिग्मॉइडपासून सुरू करा. प्रॉक्टर (देखरेख करणारा अनुभवी सर्जन) शेजारी असताना ऑपरेशनचे तुकडे पाडा: आज फक्त आयएमए (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची मुख्य धमनी), पुढच्या वेळी स्प्लीनिक फ्लेक्शर (प्लीहेजवळचं आतड्याचं वळण), टीएमई (रेक्टम भोवतालच्या चरबीसकट काढणं) सगळ्यात शेवटी. दर वेळी व्हिडिओ पाहा, विशेषतः जो पाहायची लाज वाटते तो.

रोबो आहे म्हणजे ओपन (मोठा छेद घेऊन पोट उघडून) करावं लागणार नाही, हेही डोक्यातून काढा. रेक्टमच्या कॅन्सरसाठी रोबोटिक आणि लॅप्रोस्कोपिक सर्जरीची तुलना करणाऱ्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या 'रोलार' चाचणीत 471 पेशंट होते. ओपनवर जाण्याचं प्रमाण रोबोटिकमध्ये 8.1 टक्के, लॅप्रोस्कोपीत 12.2 टक्के, फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाला नाही.

म्हणून इमर्जन्सी अनडॉकिंगची (रोबो पेशंटपासून झटपट सोडवून बाजूला करण्याची) तालीम पूर्ण टीमने, घड्याळ लावून करा. दाब कोण धरणार, हात कोण सोडवणार, भूलतज्ज्ञांना कोण सांगणार, हे आधीच ठरवा. पहिल्या तालमीत बहुधा एकच गोष्ट उघड होते: अडकलेल्या इन्स्ट्रुमेंटची पकड सोडवायचा पाना कुठल्या कपाटात आहे, हे थिएटरमध्ये कोणालाच माहीत नसतं.