मोटरसायकलचा मागचा दिवा: दोष कुठे शोधायचा

एलईडी नसलेल्या बहुतेक मोटरसायकलींच्या मागच्या दिव्यात एकच बल्ब असतो, १२ व्होल्ट २१/५ वॅटचा. त्यात फिलामेंट दोन. ५ वॅटची टेल लाइटसाठी, २१ वॅटची ब्रेकसाठी. म्हणून पाना-पकड काढण्याआधी नेमकं काय बंद आहे ते पाहा. पुढच्या ब्रेकने दिवा लागतो आणि मागच्याने नाही, तर बल्ब ठणठणीत आहे. दोष मागच्या ब्रेकच्या पेडलला जोडलेल्या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत. दोन्ही ब्रेकने लागत नाही पण टेल लाइट चालू आहे, तर २१ वॅटची फिलामेंट तपासा. हॉर्न आणि इंडिकेटरही गप्प असतील तर आधी फ्यूज. काही जुन्या गाड्यांत टेल लाइट बॅटरीवर नसतोच, इंजिन सुरू केल्यावरच लागतो. तो बिघाड समजू नका.

बल्ब आत दाबून डावीकडे फिरवला की सुटतो. त्याच्या दोन पिना कमी-जास्त उंचीवर असतात. जोर लावून उलटा बसवला तर टेल लाइट भगभगीत आणि ब्रेक लाइट मिणमिणता होतो. होल्डरमधले संपर्क हिरवट पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासा.

सगळ्यात जास्त चकवतं ते खराब अर्थिंग, म्हणजे दिव्यापासून फ्रेममार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी जोडणी. ब्रेक दाबल्यावर दिवा उजळण्याऐवजी मंदावतो, किंवा इंडिकेटरबरोबर टेल लाइटही लुकलुकतो. करंटला बॅटरीकडे परतायची वाट मिळत नाही, मग तो दुसऱ्या फिलामेंटमधून किंवा शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. लोक अशा वेळी बल्बवर बल्ब बदलत बसतात. त्याऐवजी बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक वायर होल्डरच्या धातूला टेकवा. दिवा नीट लागला, तर अर्थची वायर जिथे फ्रेमला बोल्टने आवळली आहे तिथला गंज आणि रंग खरवडून काढा.

ब्रेकचा स्विच तपासायला त्याच्या दोन वायरी काढा, चावी चालू करा आणि टोकं एकमेकांना जोडा. दिवा लागला तर स्विच गेला. ही टोकं फ्रेमला लागू देऊ नका, फ्यूज उडेल.

मागचा ब्रेक आवळून घेतल्यावर (अॅडजस्ट केल्यावर) पेडलच्या स्विचची जागा चुकते. स्विचची बॉडी हाताने धरून ठेवा आणि फक्त नट फिरवा. बॉडी फिरली तर वायरी पिळून तुटतात. बॉडी वर सरकली की दिवा लवकर लागतो, खाली गेली की उशिरा. ब्रेक पकडायच्या किंचित आधी दिवा लागला पाहिजे. कायम चालूच राहत असेल तर बॉडी जास्त वर गेली आहे, पेडल पूर्ण मागे येत नाही किंवा पुढचा लिव्हर घाणीने अडकतो आहे.

बल्ब वारंवार जात असेल तर इंजिनची गती वाढवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. साधारण १३.५ ते १४.५ ठीक; १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) बदला. व्होल्टेज बरोबर असेल तर दिव्याची रबरं पाहा, हादऱ्याने फिलामेंट तुटते.

एलईडी दिव्याच्या कनेक्टरला ब्रेक दाबल्यावर १२ व्होल्ट येत असतील, अर्थ पक्का असेल आणि तरीही तो लागत नसेल, तर बहुधा अख्खा युनिटच बदलावा लागतो. व्होल्टेज येतच नसेल तर ब्रेक दाबून धरा आणि सीटखालची, मडगार्डजवळची वायरिंग हलवून पाहा; वायर बाहेरून धड दिसते, पण आत तुटलेली असते.