वजनाच्या औषधाचं जेनेरिक घेताय? आधी हे बघा

मेडिकलवर जाऊन "ते वजन कमी करायचं इंजेक्शन द्या, स्वस्तातलं" असं कधीच मागू नका. चिठ्ठीवर ब्रँडचं नाही, आतल्या मूळ औषधाचं नाव आहे का बघा, नसेल तर डॉक्टरांकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या, कारण जेनेरिक, म्हणजे तेच औषध पण दुसऱ्या कंपनीचं, त्याच नावावर मिळतं. ओझेम्पिक आणि वेगोव्ही या इंजेक्शनांची नावं दोन पण आत सेमाग्लुटाइडच, आणि त्याचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलंय म्हणून आता आपल्याकडच्या कंपन्यांनाही ते बनवता येतं. माउंजारोत टिर्झेपटाइड असतं, त्याचं पेटंट अजून चालू आहे, त्यामुळे कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर "माउंजारोचं जेनेरिक" विकत असेल तर त्याला सरळ नाही म्हणा.

इंजेक्शन झेपत नसेल तर ऑर्लिस्टॅटच्या कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना विचारा, त्याचं जेनेरिक कितीतरी वर्षांपासून मिळतंय. पण आपल्या खान्देशी माणसाने हे नीट समजून घ्या भो, ही गोळी जेवणातलं साधारण ३० टक्के फॅट पचू देत नाही, ते तसंच बाहेर पडतं. म्हणजे वर बोटभर तर्री असलेली शेवभाजी खाल्ली आणि गोळी घेतली की तेलकट जुलाब होणार, घाईची लागणार, आणि मग एसटीत बसायची सोय नाही. गोळी चालू असेपर्यंत तेल कमीच ठेवा.

आता पेन, म्हणजे हे इंजेक्शन ज्यात भरून येतं ते. किमतीपेक्षा मला जास्त काळजी थंडाव्याची वाटते. न वापरलेलं पेन २ ते ८ डिग्रीत राहायला पाहिजे आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. माझ्या वहिनीने जळगावहून पेन घेतलं, मेडिकलवाल्याने साध्या कागदी पिशवीत दिलं, तिने ते स्कूटीच्या डिक्कीत टाकलं आणि भर दुपारी पारोळ्याला आली. हात लावला तर डबी चहाच्या कपासारखी गरम, सगळे पैसे पाण्यात. म्हणून घरूनच थर्मासची पिशवी आणि जेल पॅक न्या, पेन आणि जेल पॅकच्या मधे रुमाल ठेवा, कारण गोठलेलं पेनही वापरायचं नाही. घरी फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. लाइट खूप वेळ जाते अशा गावात असाल तर शेजारी कोणाकडे इन्व्हर्टरवर फ्रीज चालतो ते आधीच विचारून ठेवा.

घेताना मेडिकलवाल्याने फ्रीजमधून काढूनच दिलं पाहिजे, डबीवरचा बॅच नंबर आणि एक्सपायरी पक्क्या बिलाशी जुळवा, बिल नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

सेमाग्लुटाइडचा डोस सहसा आठवड्याला ०.२५ मिग्रॅने सुरू करून ४ आठवडे तोच ठेवतात. कंपनी बदलली की डोस लावायला पेन फिरवायची पद्धतही बदलू शकते, त्यामुळे जुन्या पेनचे क्लिक मोजून नवीन पेनवर डोस लावू नका, पहिला डोस डॉक्टरांसमोरच घ्या. घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर झालेला असेल, तुम्हाला आधी स्वादुपिंडाला सूज आलेली असेल किंवा मूल हवं असेल तर हे आधीच सांगा, लाजू नका. पोटात जोरात दुखून कळ पाठीकडे गेली आणि उलट्या थांबेनात तर पुढचा डोस न घेता लगेच दवाखाना गाठा.

आणि दोन डोस शिल्लक असतानाच मेडिकलवर फोन करा, गावातल्या दुकानात हे ठेवलेलं नसतं, जळगाव किंवा धुळ्याहून मागवायला लागतं.